मैदान आणि रणांगण

जून महिना सरत आला की नांदेड आणि लातूर येथील सुशिक्षित घरांतून विम्बल्डनचे नाव ऐकू येऊ लागते. पाऊस कोठवर आला, पेरण्या झाल्या की दुबार पेरणीची पाळी येणार, ही चौकशी आटोपली म्हणजे संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसावयाचे आणि हिरवळीवरचा तो पांढऱ्या पोषाखातला खेळ पाहावयाचा, हा आता अनेक कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. ज्यांनी आयुष्यात रॅकेट हाती धरली नाही असे आमचे कित्येक स्नेही बॅकहँडच्या गुणदोषांची चर्चा अधिकारवाणीने करतात, आणि आम्हीही त्यांच्यात मोडतो. परंतु याच स्पर्धेच्या विजेत्यांच्या नामावलीत १९१० पासून १९१३ पर्यंत लागोपाठ चार वर्षे जे एक नाव कोरलेले आहे ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव आहे अँथनी फ्रेडरिक वाइल्डिंग. न्यूझीलंडचा हा खेळाडू ९ मे १९१५ रोजी फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल या गावाजवळच्या आघाडीवर तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्या वेळी त्याला एकतिसावे वर्ष संपून बत्तिसावे चालू होते.

त्याची कथा आज पहिल्या पानावर आणण्याचे कारण आमच्याच घरातले आहे. गेल्या काही वर्षांत आम्हा वृत्तपत्रवाल्यांना खेळाचे वृत्त युद्धाच्या परिभाषेवाचून लिहिताच येईनासे झाले आहे. एक संघ दुसऱ्यावर चढाई करतो, त्याला धूळ चारतो, नामोहरम करतो, त्याचा खातमा करतो. शेजारच्या देशाशी क्रिकेटचा सामना असला म्हणजे मग मथळ्यांना आवरच राहत नाही. ज्या पानिपतावर मराठी मुलखातील घरटी एक माणूस कामी आला असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते, त्या पानिपताचे नाव आम्ही क्रिकेटच्या फसलेल्या डावाला देऊन मोकळे होतो. या दोषात हे दैनिक मागे नाही. मागील अंक चाळले तर आमचेही मथळे वाचकांस सापडतील आणि ते दाखवून कोणी आमचा कान धरला तर आमच्यापाशी उत्तर नाही. मैदान आणि रणांगण या दोन्ही ठिकाणी ज्याला उभे राहावे लागले अशा माणसाचे आयुष्य या संदर्भात डोळ्यांसमोर आणणे म्हणूनच आम्हांला अगत्याचे वाटते.

वाइल्डिंगचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात झाला. त्याचे आईवडील १८७९ मध्ये इंग्लंडमधून त्या दूरच्या वसाहतीत येऊन स्थायिक झाले होते. वडील फ्रेडरिक हे वकील. क्रिकेट व टेनिस या दोन्ही खेळांत त्यांनी नाव मिळविले होते आणि न्यूझीलंडचे टेनिसमधील दुहेरीचे विजेतेपद त्यांनी पाच वेळा जिंकले होते. आई ज्यूलिया उत्तम पियानोवादक होती. घराच्या आवारातच टेनिसचे कोर्ट होते, तेव्हा पोराला खेळाची गोडी कोणी मुद्दाम लावावी लागली नाही. त्याची बहीण कोरा हिने पुढे न्यूझीलंडमध्ये तरुणांसाठी वसतिगृहांची चळवळ सुरू केली. त्या घरात मोकळी हवा, व्यायाम आणि शिक्षण यांना सारखाच मान होता. सतराव्या वर्षी अँथनीने आपल्या कँटरबरी प्रांताचे अजिंक्यपद मिळविले. प्रांताच्या क्रिकेट संघातूनही तो खेळला. १९०२ मध्ये तो कायद्याच्या शिक्षणासाठी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला, तेथे पदवी घेतली आणि १९०६ मध्ये बॅरिस्टर झाला. तीन वर्षांनी त्याने न्यूझीलंडची वकिलीची सनदही मिळविली.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल, कारण ती आमच्याही मनात आली. मुलाने एवढे शिकून सवरून, सनद खिशात घेऊन, पुढे जन्मभर चेंडू मारीत हिंडावे हे एका नामांकित वकिलाला कसे रुचले? लातूरच्या ज्या अभ्यासपद्धतीचे नाव महाराष्ट्रभर झाले, तिच्यात वाढलेल्या पालकांस तर हा प्रश्न अधिकच पडेल. आम्ही शिक्षकी करीत होतो त्या काळातील एका शाळेची गोष्ट आम्हांला आठवते. तेथे दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास वर्षारंभीच गणिताकडे वर्ग होत असे, आणि वेळापत्रकावर मात्र तो खेळाचाच म्हणून दिसे. पोरे खिडकीतून मैदानाकडे पाहत आणि आम्ही फळ्याकडे. त्या अपराधात आमचाही वाटा होता. वाइल्डिंगच्या वडिलांनी खेळ की शिक्षण असा प्रश्नच उभा राहू दिला नाही. मुलाने दोन्ही केले, आणि खेळही त्याने विद्यार्थ्याच्याच वृत्तीने केला.

ही वृत्तीच त्याच्या यशाचे मर्म होय. निसर्गाने ज्याच्या मनगटात जादू ठेवली आहे अशा जातीचा तो खेळाडू नव्हता. त्याचा समकालीन आणि सहकारी, ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रुक्स, हा त्या जातीचा होता. डावखुरा, चतुर, प्रतिपक्ष्याला कोड्यात टाकणारा. वाइल्डिंगचा खेळ त्या मानाने सरळ होता. मागच्या रेषेवरून दोन्ही बाजूंनी जोरदार, खोलवर आणि अचूक फटके मारीत राहावयाचे, संधी मिळताच जाळीपाशी यावयाचे, आणि पाचव्या सेटमध्येही पहिल्या सेटइतकाच दम शिल्लक ठेवावयाचा. हा दम त्याने कष्टाने कमावला होता. तंबाखू आणि मद्य यांना तो शिवत नसे. धावणे, दोरीवरच्या उड्या, मुष्टियोद्ध्यांप्रमाणे टांगत्या चेंडूवर ठोसे मारणे, लांबवर चालणे असा त्याचा व्यायाम नेमाने चाले. ज्या काळात टेनिस हा चहापानाच्या आधी करावयाचा सभ्य विरंगुळा समजला जाई, त्या काळात एखाद्या तालमीतल्या मल्लाने शरीर राखावे तसे त्याने आपले शरीर राखले. टेनिसच्या खेळाडूने शरीराची शिस्तबद्ध तयारी केली पाहिजे ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट त्याने आचरणाने पटवून दिली. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने खेळाचे हे शास्त्र सविस्तर मांडले आहे.

त्याचा दुसरा छंद यंत्रांचा. मोटारसायकल नुकतीच जन्मास आली होती आणि रस्ते तर त्याहून कच्चे होते. अशा दिवसांत हा गडी रॅकेटी बांधून मोटारसायकलवरून युरोपभर एका स्पर्धेहून दुसऱ्या स्पर्धेला जात असे. १९०८ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत, म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर, झालेल्या मोटारसायकलच्या कसोटी शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. या छंदाचा उल्लेख आम्ही केवळ गंमत म्हणून करीत नाही, पुढे त्याचे युद्धातले स्थान याच छंदाने ठरविले.

त्याच्या विजयांची जंत्री देत बसलो तर हा स्तंभ पुरणार नाही. ऑस्ट्रेलेशियन अजिंक्यपद त्याने दोनदा मिळविले, १९०६ साली आपल्या जन्मगावी आणि १९०९ साली पर्थ येथे. विम्बल्डनला एकेरीची चार विजेतेपदे आणि दुहेरीचीही चार. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बंदिस्त कोर्टावरील एकेरीत कांस्यपदक. त्या काळी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे दोन देश ऑस्ट्रेलेशिया या नावाने एकत्र खेळत असत, आणि डेव्हिस चषक त्यांनी १९०७, १९०८, १९०९ व १९१४ या वर्षी ब्रुक्स आणि वाइल्डिंग या जोडीच्या बळावर जिंकला. एक गंमत अशी की १९११ च्या चषकाचा अंतिम सामना पुढील जानेवारीत क्राइस्टचर्च येथेच झाला, पण घरच्या मैदानावर होणाऱ्या त्या सामन्याला वाइल्डिंग युरोपातून गेलाच नाही.

१९१३ हे वर्ष मात्र नुसते उल्लेखून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी जागतिक अजिंक्यपदाच्या तीन स्पर्धा ठरविण्यात आल्या होत्या, मातीच्या कोर्टावरची पॅरिसला, हिरवळीवरची विम्बल्डनला आणि बंदिस्त कोर्टावरची स्टॉकहोमला. वाइल्डिंगने तिन्ही जिंकल्या. यांपैकी विम्बल्डनचा सामना लोकांच्या विशेष लक्षात राहिला. त्या काळच्या नियमानुसार गतविजेत्याला प्राथमिक फेऱ्या खेळाव्या लागत नसत. बाकीच्यांत जो शेवटी उरेल त्याने येऊन त्याला आव्हान द्यावयाचे. १९१३ चा आव्हानवीर होता कॅलिफोर्नियाचा तेवीस वर्षांचा मॉरिस मॅक्लॉक्लिन. त्याची सर्व्हिस तोफेच्या गोळ्यासारखी येते असे लोक म्हणत आणि ती परतविणे कोणाला साधत नसे. हा अमेरिकी वावटळीसारखा आलेला पोरगा जिंकणार अशी बहुतेकांची अटकळ होती, आणि प्रेक्षकांची एवढी गर्दी त्या मैदानावर पूर्वी झाली नव्हती. वाइल्डिंगने महिनोन्महिने तयारी केली होती. ती प्रसिद्ध सर्व्हिस त्याने मागे न सरता, चेंडू उसळी घेत असतानाच पुढे होऊन घेतली आणि ८-६, ६-३, १०-८ असा सरळ तीन सेटमध्ये सामना जिंकला. गृहपाठ करून परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याला मनाजोगता पेपर यावा तसे ते झाले. मास्तरकीचा पूर्वसंस्कार असल्यामुळे आम्हांला ही उपमा सुचली, वाचकांनी क्षमा करावी.

पुढील वर्षी विम्बल्डनची स्पर्धा चालू असतानाच, २८ जून १९१४ रोजी, साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. टेनिसच्या जगात त्याची विशेष दखल कोणी घेतली नाही. जर्मनीचा ओटो फ्रॉइट्झहाइम याने त्या वर्षी बाकीच्या खेळाडूंच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, तेथे त्याला ब्रुक्सने हरविले, आणि मग ब्रुक्सने आपला मित्र वाइल्डिंग याच्याकडून चार वर्षांचे विजेतेपद ६-४, ६-४, ७-५ असे हिरावून घेतले. दोघे मित्र मग एकाच संघातून डेव्हिस चषकासाठी अमेरिकेला गेले. जुलैच्या अखेरीस पिट्सबर्ग येथे त्यांची गाठ जर्मनीच्या संघाशी, म्हणजे त्याच फ्रॉइट्झहाइमशी आणि त्याचा जोडीदार ऑस्कर क्रॉयझर याच्याशी पडली. १ ऑगस्ट रोजी सामना संपला आणि त्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. खेळात व्यत्यय नको म्हणून तेथील क्लबाच्या चालकांनी युद्धाची बातमी खेळ संपेपर्यंत खेळाडूंच्या कानांवर पडू दिली नाही, असे सांगतात. जर्मनांचा पाच विरुद्ध शून्य असा पराभव झाला, हस्तांदोलने झाली, आणि ते दोघे जर्मन खेळाडू जहाजाने मायदेशी निघाले. वाटेत ब्रिटिशांनी त्यांना जहाजावरून उतरवून घेतले आणि कैदेत ठेवले. ज्या हातांशी तीन आठवड्यांपूर्वी हात मिळविले ते हात आता शत्रूचे ठरले होते. एका दृष्टीने ही कैद त्यांच्या पथ्यावरच पडली म्हणावयाची, कारण फ्रॉइट्झहाइम पुढे १९६२ पर्यंत जगला.

अंतिम सामना ऑगस्टच्या मध्यास न्यूयॉर्कजवळ फॉरेस्ट हिल्स येथे झाला. ब्रिटन आणि त्याबरोबर त्याच्या साऱ्या वसाहती एव्हाना युद्धात उतरल्या होत्या. हजारो प्रेक्षकांसमोर पहिल्या दिवशी ब्रुक्स मॅक्लॉक्लिनकडून हरला, त्यातला पहिला सेट १७-१५ असा संपला. वाइल्डिंगने नॉरिस विल्यम्सला हरविले. हा विल्यम्स दोनच वर्षांपूर्वी टायटॅनिक जहाजाच्या अपघातातून बर्फासारख्या पाण्यात पोहत वाचलेला तरुण होता. दुहेरीत ब्रुक्स आणि वाइल्डिंग जिंकले, ब्रुक्सने विल्यम्सला नमविले आणि चषक ऑस्ट्रेलेशियाचा झाला. निर्णय लागून गेल्यावर खेळल्या गेलेल्या अखेरच्या सामन्यात वाइल्डिंग मॅक्लॉक्लिनकडून पराभूत झाला. डेव्हिस चषकातील त्याचा हा शेवटचा सामना.

इंग्लंडला परतताच त्याने लष्करात जाण्याची खटपट सुरू केली. त्याला कोणी बळजबरी केली नव्हती, सक्तीची लष्करभरती ब्रिटनमध्ये १९१६ पर्यंत आलीच नव्हती. माजी पंतप्रधान बाल्फर हे त्याच्याबरोबर टेनिस खेळत, नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याशी त्याची ओळख होती. चर्चिल यांच्या सल्ल्यावरून ऑक्टोबर १९१४ मध्ये तो रॉयल मरीन्स या आरमारी सैन्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. युरोपातले रस्ते त्याला मोटारसायकलवरून तोंडपाठ झालेले होते, यंत्राची नस सापडलेली होती. म्हणून आधी गुप्तवार्ता विभागात आणि मग नौदलाच्या चिलखती मोटारींच्या दलात त्याची नेमणूक झाली. रोल्स रॉइस मोटारींना पोलादी पत्रे ठोकून ही वाहने तयार केलेली होती. परंतु सैन्ये खंदकांत रुतून बसल्यावर मोटारींना धावावयास जागाच उरली नाही. तेव्हा १९१५ च्या वसंतात वाइल्डिंगच्या हाती तीन तोफा आणि सुमारे तीस माणसे देण्यात आली. या तोफा मोटारीमागे ओढावयाच्या गाड्यांवर बसविलेल्या होत्या. २ मे रोजी त्याला कॅप्टनची बढती मिळाली.

त्या वेळच्या इंग्लंडचे मन समजून घेतल्याखेरीज ही उत्सुकता उमगणार नाही. क्रीडांगण ही रणांगणाची शाळा आहे असे त्यांच्या शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या शिकविले जात होते. लष्करात खेळाडूंच्या वेगळ्या पलटणी उभारण्यात आल्या. सप्टेंबर १९१५ मध्ये लूस येथे एका पलटणीच्या जवानांनी फुटबॉल लाथाडीत शत्रूच्या खंदकांकडे धाव घेतली. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत कॅप्टन नेव्हिल याने आपल्या तुकड्यांना पुढे ढकलण्यासाठी असेच फुटबॉल दिले, आणि तो त्याच दिवशी मारला गेला. युद्ध हा एक मोठा सामना आहे आणि चांगला खेळाडू त्यात चांगलाच खेळेल, हा भ्रम त्या काळी लहानथोर साऱ्यांनाच झाला होता. त्यात वृत्तपत्रे सर्वांत पुढे होती, हेही नमूद केले पाहिजे.

९ मे १९१५ रोजी पहाटे ब्रिटिश सैन्याने न्यूव्ह शापेलच्या परिसरातून ऑबर्सच्या टेकाडाकडे हल्ला चढविला. आधीचा तोफांचा भडिमार जेमतेम चाळीस मिनिटांचा होता, कारण तोफा होत्या पण गोळे पुरेसे नव्हते. जर्मनांच्या मशीनगन जागच्या जागी शाबूत राहिल्या आणि खंदकांतून बाहेर पडलेली माणसे पिकाची कापणी व्हावी तशी आडवी झाली. एका दिवसात ब्रिटिश पक्षाचे ११ हजारांवर लोक मेले वा जखमी झाले आणि जमीन मात्र हाती लागली नाही. तोफगोळ्यांच्या या तुटवड्यावरून लंडनमध्ये एवढे काहूर माजले की त्याच महिन्यात तेथील मंत्रिमंडळाची फेररचना होऊन संमिश्र सरकार आले. वाइल्डिंगने आपल्या तोफांसह त्या दिवशी काम केले. दुपारी पावणेपाचच्या सुमारास तो आडोशासाठी एका भुयारी खोलीत गेला असता मोठा तोफगोळा तिच्या छपरावर येऊन फुटला. छप्पर अंगावर येणे म्हणजे काय, हे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या लातूर जिल्ह्यातील माणसास आम्ही सांगावयास नको.

ज्या माणसाने आयुष्यभर दम कमावला त्याच्या दमाचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता. मॅक्लॉक्लिनची सर्व्हिस उसळी घेताना टिपणारी नजर, महिनोन्महिने केलेली तयारी, पाचव्या सेटपर्यंत न डळमळणारे पाय, यांपैकी काहीही त्या भुयाराच्या छपरापुढे चालले नाही. ज्याने तो गोळा डागला त्याने वाइल्डिंगला पाहिलेही नव्हते. कदाचित बाडन-बाडनच्या किंवा हॉम्बुर्गच्या मैदानावर त्याचा खेळ पाहून टाळ्या वाजविणाराही तो असू शकेल, नसूही शकेल. खेळात प्रतिपक्षी समोर उभा असतो, त्याला आपल्याइतकीच संधी असते, आणि हरल्यावर तो जाळीपाशी येऊन हात पुढे करतो. वाइल्डिंगचे मरण या सगळ्याच्या बाहेर होते. आम्ही खेळाच्या वृत्तात खातमा हा शब्द वापरतो तेव्हा प्रत्यक्षात कशाचे नाव घेत असतो, ते हे.

टेनिसच्या जगातला तो एकटाच बळी नव्हे. केनेथ पॉवेल हा अडथळ्यांच्या शर्यतीत व टेनिसमध्ये सारखाच निष्णात असलेला ऑलिंपिक खेळाडू त्याच वर्षी फेब्रुवारीत साधा शिपाई म्हणून मारला गेला होता. कॅनडाच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार रॉबर्ट पॉवेल १९१७ मध्ये व्हिमी येथे पडला. १९१५ ते १९१८ या चार वर्षांत विम्बल्डनची स्पर्धा झाली नाही. आजच्या विम्बल्डनच्या हिरवळीवर तर वाइल्डिंग कधी खेळलाच नाही, कारण ते मैदान १९२२ साली तयार झाले. त्याचे विजय जुन्या मैदानाबरोबर मागे राहिले.

भारताने डेव्हिस चषकात पाऊल टाकले ते १९२१ साली. मोहम्मद सलीम, सिडनी जेकब आदी खेळाडूंच्या आपल्या संघाने पहिल्याच वर्षी फ्रान्सला पॅरिसमध्ये हरविले. पुढे ज्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा तेव्हा मोडत होता, त्या संस्थानातील सय्यद मोहम्मद हादी हेही भारताच्या डेव्हिस चषक संघात होते. रणजी करंडकातील पहिले शतक ज्यांच्या नावावर आहे तेच हे हादी, आणि सात खेळांत पारंगत म्हणून त्यांना इंद्रधनुष्याची उपमा मिळाली होती. वाइल्डिंगच्याच मागून आलेली ही पिढी. युद्ध आणखी लांबते तर कदाचित त्यांच्यापैकीही कोणाचे नाव दुसऱ्याच एखाद्या यादीत गेले असते.

ती दुसरी यादी आपल्याही मुलखाची आहे. न्यूव्ह शापेल हे नाव आपल्याला परके वाटते, परंतु हिंदुस्थानातून गेलेल्या सैन्याच्या इतिहासात ते ठळक आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावावर ४७ व्या शीख पलटणीने हल्ला केला तेव्हा तिच्याबरोबर पुण्याजवळच्या खडकीचे ठाणे असलेल्या मुंबई सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. वास्तविक सॅपर्सचे काम पूल बांधण्याचे आणि खंदक खणण्याचे. त्या दिवशी त्यांना संगिनी लावून गल्लीगल्लीतून लढावे लागले आणि त्यांची भयंकर हानी झाली. शीख, मराठे, मुसलमान असे सगळेच त्यांत होते. १९१५ च्या मार्चमध्ये याच गावासाठी झालेल्या लढाईत हिंदी सैन्याचे चार हजारांवर लोक कामी आले अथवा जखमी झाले. गढवाल रायफल्सचा गबर सिंग नेगी याला तेथे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ज्या ९ मे रोजी वाइल्डिंग गेला त्याच दिवशी त्याच आघाडीवर मीरत डिव्हिजनच्या हिंदी पलटणी खंदकांबाहेर पडल्या आणि मशीनगनच्या माऱ्यात सापडल्या. त्यांना तर सामन्याची ती इंग्रजी कल्पनाही ठाऊक नव्हती. घरी पेरणीसाठी पैसे धाडावयाचे होते, गावात भावाबंदांची अब्रू होती, सरकारचे मीठ खाल्ले होते, एवढे त्यांना पुरे होते.

वाइल्डिंगचे शव पुढे रिशबूर येथील लष्करी दफनभूमीत हलविण्यात आले. इतरांच्या शिळेसारखीच त्याचीही शिळा आहे. न्यूझीलंडने त्याच्यानंतर विम्बल्डनचा एकेरीतील दुसरा विजेता अद्याप पाहिलेला नाही. १९७८ मध्ये टेनिसच्या जागतिक गौरवशाळेत त्याची नोंद झाली. नॉर्मन ब्रुक्स युद्धानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर, सिडनीला पुन्हा डेव्हिस चषक राखण्यासाठी दुहेरीच्या सामन्यास उतरला, तेव्हा त्याच्या बाजूला गेराल्ड पॅटरसन हा नवा तरुण उभा होता.

रिशबूरच्या त्या दफनभूमीपासून थोड्या अंतरावर, न्यूव्ह शापेलच्या चौरस्त्यापाशी, १९२७ मध्ये उभारलेले हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. वर्तुळाकार भिंत, मध्ये उंच स्तंभ, आणि पायथ्याशी दगडी वाघ. ज्यांचे शव सापडले नाही किंवा ज्यांचे अंत्यसंस्कार कोठे झाले हे सांगता येत नाही अशा ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांत कोणी टेनिस खेळला असेल असे वाटत नाही, पण कुस्ती खेळलेले, गावच्या जत्रेत आखाडा गाजविलेले पुष्कळ असतील. फ्रान्समधल्या त्या बीटच्या शेतांच्या कडेला स्तंभाच्या पायथ्याशी इंग्रजीबरोबर देवनागरी आणि गुरुमुखी अक्षरेही खोदलेली आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्याचे जाणे-येणे आहे असा कोणीही ती वाचू शकेल.